दिवळी ते डाउनलाइट: तळघरातील उजेडाची जुनी गोष्ट

नागपुरात नवा बंगला बांधताना तळघराची वेळ आली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. छत बुटके असते. टांगता दिवा लावावा, तर उंच माणसाच्या कपाळाला लागतो. मग छताच्या पोटातच बसणारे दिवे निवडावे लागतात. बाजारात त्यांना डाउनलाइट, पॅनेल किंवा कन्सील्ड लाइट म्हणतात. ही सोय विजेच्या युगातली वाटते. पण बांधकामाच्या पोटात दिवा लपवण्याची युक्ती जुन्या मराठी घरांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे नाव दिवळी.

अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नागपूर वसवले आणि शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांनी ते आपल्या सत्तेचे केंद्र केले. राजवाड्याभोवती सरदार, कारकून आणि सावकार यांची घरे उभी राहिली. तो भाग आजही महाल याच नावाने ओळखला जातो. त्या काळच्या वाड्यांच्या भिंती जाड असत. जाड भिंत उन्हाळा अडवते, वरच्या मजल्याचा भार पेलते आणि तिच्यात पोकळ्या ठेवता येतात. वस्तू ठेवण्याची पोकळी तो कोनाडा, दारे लावलेले ते फडताळ, धान्य साठवण्याचे ते बळद आणि दिवा ठेवण्याची ती दिवळी.

दिवळीकडे शोभेची कमान म्हणून पाहणे चूक आहे. ते एक विचारपूर्वक घडवलेले साधन होते. तेलाच्या ज्योतीचे तीन शत्रू: वारा, धक्का आणि जवळचे लाकूड. भिंतीत आत सरकवलेली ज्योत वाऱ्याच्या झोतात येत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पदराला लागत नाही आणि तिच्या माथ्यावर तुळईऐवजी दगड, वीट किंवा चुना असतो. पाठीमागचा चुन्याचा पांढरा गिलावा उजेड पुढे परतवतो. ज्योत लहान, पण तिच्यामागची पांढरी पोकळी उजळली की डोळ्याला दिव्याचा आकार मोठा भासतो.

तरीही तो उजेड किती? एका वातीच्या दिव्यातून ढोबळमानाने दहाएक ल्युमेन प्रकाश मिळतो. आजचा नऊ-दहा वॉटचा एलईडी दिवा आठशे ते हजार ल्युमेन देतो. म्हणजे एका डाउनलाइटची बरोबरी करायला ऐंशी ते शंभर वाती पेटवाव्या लागल्या असत्या. त्या वातींना तेल घालणे, त्यांची काजळी झाडणे, दिवळीची काळवंडलेली कमान पुसणे हे काम रोजचे, आणि बहुतेक घरांत ते बायकांच्या किंवा चाकरांच्या वाट्याचे होते. तेलातही भेद होता. एरंडेल सावकाश जळते आणि काजळी कमी धरते. विदर्भात जवस मुबलक पिकत असे, पण जवसाचे तेल हवेत सुकून चिकट होते. दिव्याला ते फारसे मानवत नाही.

जमिनीखाली गेल्यावर प्रश्न अधिक अवघड होतो. बंद तळघरात ज्योत प्रकाशाबरोबर धूरही देते आणि हवाही खाते. त्यामुळे जमिनीखालच्या जुन्या बांधकामांत दिव्यापेक्षा झरोक्यावर भिस्त असे. याचा उत्तम नमुना नागपुरात नाही, तो साताऱ्याजवळ लिंब येथे आहे. ज्या छत्रपती शाहूंच्या सनदांवर नागपूरकर भोसल्यांचे राज्य उभे राहिले, त्यांच्याच काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी तेथे बारा मोटांची विहीर बांधून घेतली. विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे. पायऱ्या उतरून माणूस जमिनीखाली जातो, तरी महालात दिवसा दिवा लागत नाही; विहिरीच्या उघड्या तोंडातून आलेला उजेड पाण्यावर आणि दगडावर आपटून आत पसरतो. डोळ्यासमोर उजेडाचा उगम नसतो, उजळलेली भिंत असते. तळघराच्या दिव्याचे निम्मे शास्त्र एवढ्यात आले.

नागपूरच्या भोसल्यांचा राजवाडा मात्र आगीने संपला. काळ्या दगडाचा आणि विपुल लाकडी कोरीवकामाचा हा वाडा १८६४ मध्ये जळाला. मागे उरले ते मुख्यतः नगारखान्याचे प्रवेशद्वार. संस्थान त्याआधी दहा वर्षे खालसा झालेले होते. लाकडी तुळया, कोरीव खांब, पडदे आणि उघड्या ज्योती एकाच छताखाली नांदत, तो काळ समजून घेताना ही घटना विसरता येत नाही. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये याच शहरात एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे आगीवर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसवणाऱ्या भारतातील पहिल्या गिरण्यांत तिचे नाव घेतले जाऊ लागले. कापसाच्या धंद्यात ठिणगीची किंमत गिरणीमालकाला चांगलीच कळत होती.

दरम्यान १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढच्या दशकांत रॉकेलाचे डबे घरोघरी आले. ‘रॉक ऑइल’चे रॉकेल झाले, ‘गॅसलाइट’चे घासलेट झाले आणि लहान दिव्याला चिमणी हे गोड नाव मिळाले. रॉकेलाची ज्योत उजळ होती, पण तिला उंच काच लागे, तिचा वास आणि धूर दिवळीत कोंडे. म्हणून दिवा भिंतीतून बाहेर आला: खुंटीवरचा कंदील, साखळीवरचा दिवा, दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे. उजेड खोलीच्या मधोमध लटकू लागला. विजेच्या बल्बने हीच जागा वारशाने घेतली. १८८२ मध्ये मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पुढे वीज घरांत शिरली तीही छताच्या मध्याला एक वायर आणि तिच्या टोकाला एक गोळा, याच रूपात.

दिवा पुन्हा बांधकामाच्या पोटात शिरला तो विसाव्या शतकात, प्रामुख्याने अमेरिकेत. तेथे मात्र जुना शत्रू वेगळ्या वेषात भेटला. तारेच्या बल्बला दिलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णता होऊन जातो. टांगत्या दिव्याची उष्णता हवेत विरते. छतात कोंडलेल्या दिव्याची विरत नाही. वर उष्णतारोधक थर पसरलेला असला, तर डबा तापून लाकूड पेट घेऊ शकते. अशा आगींनंतर १९८०च्या दशकात तेथे डबा तापताच वीज तोडणारा खटका सक्तीचा झाला. दिवळी बांधणाऱ्या गवंड्याने ज्योतीच्या माथ्यावर लाकूड येऊ न देण्याचा जो दंडक पाळला, तो विद्युत अभियंत्यांनी नियमांच्या पुस्तकात पुन्हा लिहिला.

एलईडीने ही अडचण पुष्कळ सौम्य केली, संपवली नाही. निळ्या एलईडीसाठी तीन जपानी-वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४चे नोबेल मिळाले आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेने हा दिवा सामान्य भारतीय घरात पोहोचवला. एलईडी स्वतः कमी तापतो. पण त्याच्या मागचे ड्रायव्हर नावाचे यंत्र उष्णतेला भिते. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस पाहिलेल्या शहरात, जिप्समच्या छतामागे हवा न खेळणाऱ्या पोकळीत स्वस्त ड्रायव्हर दोन उन्हाळ्यांत दम तोडतो, यात नवल नाही.

तळघराचा पेच येथे नेमका कळतो. २००५च्या राष्ट्रीय इमारत संहितेने तळघराची उंची किमान २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांना थोडी कमी, ठरवली. काँक्रीटच्या स्लॅबला नंतर भोके पाडणे धोक्याचे. म्हणून दिवे लपवायला खाली दुसरे छत बांधावे लागते आणि ते चार ते सहा इंच गिळते. खोल बसणारा दिवा डोळ्यांवर तिरीप येऊ देत नाही, पण उंची खातो. चपटे पॅनेल उंची वाचवते, पण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट चमकते. शिवाय सारे दिवे फक्त खाली पाहणारे असले, तर जमीन झगझगते, छत व भिंती काळोखात राहतात आणि आठ फुटांची खोली सहा फुटांची भासते. पैसे खर्चून गुहा बांधल्यासारखे होते.

लिंबची विहीर आणि दिवळी या दोघी येथे एकच उत्तर देतात: उजेड भिंतीवर पाडा. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर दिव्यांची ओळ घेतली की प्रकाश भिंत धुऊन खाली उतरतो. दोन दिव्यांतील अंतर छताच्या उंचीच्या निम्मे, म्हणजे सुमारे चार फूट, हा प्रचलित ठोकताळा आहे. रंगाबाबत दुकानदार सवयीने ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा पुढे करतो. बसण्याउठण्याच्या जागेला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बरा, कारण ज्योतीचा रंग त्याच्या जवळचा, किंबहुना त्याहूनही पिवळा होता.

आणि पाणी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यांवर आली आणि सखल भागांतील तळघरे भरली. छतातले दिवे अशा वेळी सर्वांत शेवटी भिजतात. गुडघ्याच्या उंचीवरचा प्लग पॉइंट सर्वांत आधी. म्हणून तळघराच्या दिव्यांचे सर्किट प्लगच्या सर्किटपासून वेगळे, गळती होताच वीज तोडणारा खटका दोघांना स्वतंत्र आणि मुख्य बटणांचा बोर्ड तळघरात नव्हे, तर जिन्याच्या वरच्या टोकाला असावा. पाणी शिरलेल्या अंधाऱ्या तळघरात कोणालाही बटण चाचपत उतरावे लागू नये.