ई जीवनसत्त्व: उंदरिणीपासून कॅप्सूलपर्यंत

"डॉक्टर, चेहऱ्यासाठी ती हिरवी कॅप्सूल लिहून द्या," असं आता रोहिणखेडसारख्या गावातही ऐकू येतं. पण या जीवनसत्त्वाचा शोध तारुण्यासाठी नव्हे, बाळंतपणामुळे लागला. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांच्या उंदरिणींना गर्भ राहायचा, पण टिकत नसे. खाण्यात लेट्यूसची पानं दिली आणि पिल्लं झाली. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो घटक वेगळा केला गेला. नाव ठेवलं टोकोफेरॉल. ग्रीक भाषेत 'टोकोस' म्हणजे प्रसूती.

म्हातारपणाशी त्याचा संबंध नंतर जुळला. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडलं, की फ्री रॅडिकल्समुळे शरीर झिजतं. ई त्यांना आवरतं, मग वयही आवरेल, असा पुढचा तर्क. ऐकायला पटतो, माणसांवर टिकला नाही. सुमारे ३५ हजार पुरुषांच्या 'सिलेक्ट' अभ्यासात रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला (२०११). रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मोठ्या डोसने रक्तस्रावाचीही भीती.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम पुरतं. करडईचं किंवा सरकीचं तेल, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी यांतून बरंचसं मिळतं. कॅप्सूल आधीच सुरू केली असेल, तर पुढच्या वेळी येताना तिचं पाकीट सोबत आणा.