मोबदला आणि वाटा

१८९४ च्या भूसंपादन कायद्याने ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांच्या आधारे सरकारला खाजगी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार दिला. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोची नवी मुंबई याच अधिकारावर उभी राहिली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे या प्रकल्पात आली. जमिनीचा साठा करावा, तो टप्प्याटप्प्याने विकसित करून वाढत्या भावाने भाडेपट्ट्याने द्यावा व त्या पैशातून शहर बांधावे, अशी ही योजना होती. शहरामुळे वाढलेली किंमत शहराच्याच कामी यावी, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. परंतु ज्यांच्या शेतांवर शहर वसले, त्या आगरी-कोळी कुटुंबांचा त्या वाढीत वाटा धरलेलाच नव्हता.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे १९९० च्या योजनेने संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. १८९४ चा कायदा २०१४ पासून इतिहासजमा झाला व नव्या कायद्याने पुनर्वसनही बंधनकारक केले. तरीही एक प्रश्न प्रत्येक संपादनाच्या वेळी विचारावाच लागेल : ज्याची जमीन गेली, त्याला तिच्या उद्याच्या किमतीत वाटा आहे काय?