थ्रेड : रायगडावरील तह, १६७४. कागदावर उतरलेला व्यापार

१/ करावे गावच्या खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर आहे. तेथे उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरमागे कागद असतो : माल कोणाचा, जकात किती, नुकसान झाल्यास भरपाई कोणाकडे मागायची. हेच प्रश्न ३५० वर्षांपूर्वी रायगडावर मराठे आणि इंग्रज यांच्यात लेखी उतरले. त्या तहाविषयी हा थ्रेड.

२/ वादाचे मूळ १६६० मधले. सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीस गेला. कंपनीचे निशाण फडकावून गडावर मारा झाला. व्यापारी म्हणून आलेले इंग्रज उघडपणे युद्धात उतरले.

३/ १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केले. शेवटचे कैदी १६६३ मध्ये सुटले. लुटीच्या भरपाईचा दावा मात्र कंपनीने सोडला नाही.

४/ १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले. बेटाला धान्य व सरपण समोरच्या मुलुखातूनच मिळे. त्यामुळे महाराजांशी वैर परवडणारे नव्हते. १६७२ आणि १६७३ मध्ये कंपनीचे वकील येऊन गेले. बोलणी झाली, निकाल लागला नाही.

५/ मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडेन रायगडी आला. ६ जूनच्या राज्याभिषेकास तो हजर होता. बोलणी प्रामुख्याने निराजीपंतांमार्फत चालली आणि सोहळ्यानंतर आठवडाभरात तह पार पडला.

६/ इंग्रजांना राज्यात व्यापाराची मोकळीक मिळाली. आयात मालावर अडीच टक्के जकात ठरली. राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारींची परवानगी मिळाली.

७/ राजापूरची भरपाई १०,००० होन ठरली. पण रोख नव्हे. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल ५,००० होनांचा माल घ्यावा व निम्मीच किंमत द्यावी. असे ७,५०० होन फिटतील. उरलेले २,५०० राजापूरच्या जकातीतून वळते व्हावेत. जुने देणे फेडता फेडता नवा व्यापार वाढावा, अशी ही योजना.

८/ दोन मागण्यांवर मराठ्यांनी हरकत घेतली. इंग्रजी नाणे राज्यात चालावे, ही पहिली. त्यावर उत्तर : चलनास मनाई नाही, पण तोटा सोसून ते घेण्याची सक्ती रयतेवर होणार नाही. फुटलेल्या जहाजांचा माल परत मिळावा, ही दुसरी. ते कोकणच्या रिवाजाविरुद्ध होते, शिवाय इंग्रजांना दिले की फ्रेंच आणि डच तेच मागणार!

९/ मग तह पाळला गेला का? वसुली रखडली. कंपनीचे अधिकारी पुढे अनेक वर्षे तगादा लावत राहिले. केवळ सही-शिक्क्याने पैसा हाती येत नाही, हे त्यांना लवकरच उमगले.

१०/ तरीही कागदाचे मोल कमी होत नाही. तेरा वर्षे वाद होता की नुकसान किती आणि ते भरायचे की नाही. तहानंतर प्रश्न एवढाच उरला की ठरलेले केव्हा फिटणार. रक्कम मान्य झालेली होती, रीतही ठरलेली होती.

११/ दुसऱ्या बाजूचा लाभही पाहावा. सवलत अडीच टक्क्यांवर बांधली गेली, तिच्यापुढे काय मिळणार नाही हेही बोलण्यांतच स्पष्ट झाले. व्यापारी तह वाचताना काय दिले याबरोबर काय राखले, हेही शोधावे. राज्यकर्त्याची पारख तेथे अधिक होते.

थ्रेड समाप्त.