मगावरचा दिवा

माझी भाची इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असते, तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. गेल्या महिन्यात सुट्टीवर आली तेव्हा चॉकलेटं, एक शाल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मग घेऊन आली. "मावशी, हा खास तुझ्यासाठी. तू शिक्षिका ना, म्हणून शास्त्रज्ञाचा आणलाय!"

मग साधाच, पांढरा. त्यावर काळ्या रेघांनी काढलेला काचेचा जुना दिवा, आत कोळशाची काडी आणि खाली नाव. चष्मा लावून वाचलं.. जोसेफ स्वान.

"अगं, बल्ब म्हणजे एडिसन ना?"

"तिकडे असं म्हणू नकोस हं, लोकांना राग येतो," असं म्हणून ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. हे नाव मी आधी एकदा वाचलं होतं. एका उत्तरपत्रिकेत.

साल १९८४ असावं. विज्ञानाचे सर रजेवर गेले आणि सातवीचा तो तास माझ्याकडे आला. माझे विषय खरे इतिहास आणि मराठी. चाचणीत प्रश्न होता, विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला? सगळ्या वर्गाने एडिसन लिहिलं, एका मुलाने स्वान. मी लाल फुली मारली. तो पेपर घेऊन टेबलापाशी आला. "बाई, रद्दीत एक मासिक मिळालं, त्यात आहे हे नाव." मासिक त्याच्या हातातच होतं. मी ते न बघताच म्हटलं, "पुस्तकात आहे तेच लिहायचं." तो गुपचूप जागेवर जाऊन बसला. त्यानंतर त्याने वर्गात कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

तर मंडळी, मग आल्यावर मी चाळीस वर्षं उशिरा वाचायला बसले.

स्वान यांचा जन्म १८२८ चा, संडरलंडचा. औषधांच्या दुकानात उमेदवारी केली आणि पुढे न्यूकॅसलला अशाच एका दुकानात भागीदार झाले. १८५० च्या आसपास त्यांनी कागदाच्या पट्ट्या भाजून त्यांचा कोळसा करायला सुरुवात केली. तो काचेच्या भांड्यात ठेवायचा आणि त्यातून वीज सोडायची. कोळसा तापला की उजेड पडतो, पण भांड्यात हवा उरली असेल तर तो जळून जातो. त्या काळी हवा पुरेशी काढता येत नव्हती. दिव्याचं काम मागे पडलं.

१८६५ साली हर्मन स्प्रेंगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाचा पाऱ्याचा पंप आला. नळीतून पाऱ्याचे थेंब पडत राहतात आणि प्रत्येक थेंब जाताना थोडी हवा ओढून नेतो. पुढे हाच पंप स्वान यांच्या कामी आला. मदतीला होते चार्ल्स स्टर्न, बँकेतले कारकून, पण हवा काढण्याच्या प्रयोगांत तरबेज. ३ फेब्रुवारी १८७९ रोजी न्यूकॅसलच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत सुमारे ७०० लोकांसमोर स्वान यांनी दिवा पेटवून दाखवला. एडिसनचा कापसाच्या दोऱ्याचा दिवा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यशस्वी झाला. म्हणजे आठ महिन्यांनी!

मग माझी फुली चूक आणि पुस्तकही चूक? तसंही नाही. स्वान यांच्या त्या दिव्यातली काडी जाडसर होती. तिचा रोध कमी, म्हणून वीजप्रवाह जास्त लागायचा आणि तो नेणाऱ्या तांब्याच्या ताराही जाड लागायच्या. असे दिवे घरोघरी द्यायचे तर तांब्याचाच खर्च परवडला नसता. धागा बारीक आणि जास्त रोधाचा हवा, हे एडिसनने नेमकं हेरलं. शिवाय तो नुसत्या दिव्यावर थांबला नाही. जनित्र, जमिनीखालच्या तारा, मीटर असा सगळा संसार त्याने मांडला आणि ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरच्या केंद्रातून गिऱ्हाइकांना वीज दिली. इकडे स्वान यांच्या सुमारे १२०० दिव्यांनी लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्येच उजळलं होतं. शेवटी इंग्लंडमध्ये कोर्टात भांडत बसण्यापेक्षा दोघांनी १८८३ साली एकत्र कंपनी काढली. तिच्या दिव्यांना नाव पडलं एडिस्वान.

ज्यांच्यात भांडण व्हायचं ते दोघे एका नावात नांदले, आणि मी मात्र शंभर वर्षांनंतर त्यातल्या एकाच्या नावावर फुली मारत होते.

आपल्या भाषेत शोधही लावतात आणि दिवाही लावतात. दिव्यावरून दिवा लावताना पहिला कोणता, हे आपण कधी विचारत नाही. शोधाच्या बाबतीत मात्र आपल्याला एकच नाव हवं असतं, कारण रिकाम्या जागेत एकच मावतं! तो प्रश्नच अपुरा होता, हे कळायला मला हा मग यावा लागला. मी स्वतः इतिहासाची शिक्षिका. दोन साधनं वेगळं सांगत असतील तर दोन्ही वाचा, असं मुलांना दर वर्षी सांगायचे. आणि एक मुलगा दुसरं साधन हातात घेऊन आला, तेव्हा मी ते उघडूनही पाहिलं नाही.

एक गुण गेला याचं फार वाटत नाही, गुण काय, पुढच्या चाचणीत भरून निघतो. पण विचारणारं मूल गप्प झालं, ते भरून निघालं का, मला माहीत नाही.

तो मुलगा आता पन्नाशीत असेल. आमच्या शाळेतले बरेच जण हा ब्लॉग वाचतात. बाळा, तुझ्या वाचनात हे आलंच, तर तुझा तो गुण मी दिला आहे. आणि ते मासिक अजून असेल तर घेऊन ये. मला वाचायचं आहे. चहा त्याच मगात देईन.