रनवेवरचा चकवा

मे 1943. अमावास्येची रात्र. सहारच्या गावठाणातून तुम्हाला कोळेकल्याण गाठायचंय, म्हणजे आजचं कलिना. गळ्यात क्रूस घातलेली मावशी लुगड्याचा पदर सावरत दारात आडवी येते. "आज नको जाऊस, बाबा. आज पालखी निघते."

कुणाची, ते विचारावं लागत नाही. अमावास्येला निघते ती वेताळाचीच. घर ख्रिस्ती असलं तरी साष्टीतला वेताळ सगळ्यांचा.

तुम्ही निघताच. ब्लॅकआउट आहे, त्यामुळे खिडक्यांना काळा कागद. रॉकेल मिळत नाही, म्हणून कागदाच्या आतही अंधारच. मुंबईत रेशनिंग नुकतंच सुरू झालंय. पायाखाली भाताच्या खाचरांचे बांध, उन्हाळ्यात भेगाळलेले. दोन्ही अंगांना ताडाची झाडं. अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्ब्याला जाणारी रेल्वे याच मुलखात 1928 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंदही पडली. भुताच्या गाडीची गोष्ट कुणी रचली नसेल, तर नवलच!

आणि मग पालखी दिसते. दूर, जमिनीलगत, एकामागून एक पेटत जाणाऱ्या ज्योती. मशालजी दिसत नाहीत. ढोल नाही, हाक नाही. फक्त सरळ रेघेत लांबत जाणारी आग. घशाला कोरड पडते. तेवढ्यात आभाळ घरघरतं, एक काळं धूड ताडांच्या शेंड्यांवरून खाली उतरतं, आगीच्या रेघेवरून धावत जातं आणि थांबतं. थोड्याच वेळात ज्योती विझतात, पेटल्या त्याच क्रमाने.

वाऱ्यावर रॉकेलचा वास येतो. पत्र्याच्या झारीला लांब तोटी, तोटीत वात: युद्धकाळात विमानतळावर रात्री धावपट्टी दाखवायला असेच दिवे रांगेने मांडत. मावशीच्या घरात चिमणीपुरतं रॉकेल नाही आणि इथे ते रांगेने जळतंय. पालखी खरीच आहे म्हणायची, फक्त वेताळ ब्रिटिश हवाईदलाचा!

समोरून दोन बूट चालत येतात. बुटांवर उजेड आहे. वर ना धड, ना मुंडकं. पहारेकऱ्याने बॅटरी झाकून खाली धरलीय, हे कळायला तो अगदी जवळ यावा लागतो. तोवर पळून गेलेल्या माणसाने उद्या गावात काय सांगितलं असतं? बिनमुंडक्याचा गोरा खवीस.

तुम्ही वाट बदलता. ओळखीचा बांध, ओळखीचं वळण, आणि एकदम काटेरी तार. डावीकडे जाता, तार. मागे फिरता, तर दिशाच हरवलेली. वडीलधारे याला चकवा म्हणतील. माझ्या मते या सगळ्या भुतांत हे एकच अस्सल. रोजच्या पायाखालची वाट कुणीतरी दूर कचेरीत बसून नकाशावरून काढून टाकली, की माणसाला चकवाच लागतो.

कुंपण आणि भूत अशी जोडी जवळच्या कोंडिविट्यातही आहे. तिथलं 1579 चं चर्च 1840 च्या साथीनंतर लोकांनी सोडलं, मरोळला नवं बांधलं. आज ते पडकं चर्च सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात आहे आणि झपाटलेलं म्हणून ओळखलं जातं. सांताक्रूझच्या रनवेवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, असं सांगणारेही अजून भेटतात. हिंदी सिनेमातून आलेली असावी. तिच्यात मला फारसा रस नाही.

जुहूची प्रवासी विमानं 1948 मध्ये युद्धकाळातल्या याच सांताक्रूझच्या विमानतळावर आली. पुढे धावपट्टी वाढत वाढत साडेतीन किलोमीटरच्या आसपास गेली. सहार, मरोळ, कलिना, बामणवाडा इथे तुमचं कुणी नव्वदीपुढचं माणूस असेल, तर त्याला भुताबद्दल जरूर विचारा. पण आधी कागद-पेन्सिल द्या आणि सहारहून कोळेकल्याणला जाणारी वाट नेमकी कुठून जायची, ती काढून घ्या.