माशांवरील उवा : संशोधन व नियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : होटगी परिसर)

प्रस्तावना :
दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगीचा तलाव अवर्षणप्रवण प्रदेशात येतो. अशा प्रदेशातील तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. उन्हाळ्यात पाणी आटले की मासे दाटीने राहतात आणि उवांना अनुकूल परिस्थिती निर्माण होते. ऊ प्राचीन असली तरी तिचा आर्थिक उपद्रव मुख्यतः दाटीच्या मत्स्यपालनातून वाढला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वर्गीकरणाचा काळ :
१७८५ मध्ये म्यूलर यांनी ‘अर्ग्युलस’ या प्रजातीचे नामकरण केले. १८९८ मध्ये बॅसेट-स्मिथ यांनी मुंबईच्या माशांवरील परजीवी कोपेपॉडांच्या नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. या टप्प्यावर ऊ हा वर्गीकरणशास्त्राचा विषय होता. मत्स्यपालकाच्या नुकसानीचा नव्हे.

मत्स्यपालनाचा काळ :
१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काद्वारे कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे नदीतील बीजावरील अवलंबित्व घटले. पुढे १९७१ मध्ये संमिश्र मत्स्यपालनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. उत्पादन वाढले, परंतु दाटीबरोबर अर्ग्युलसलाही आश्रय मिळाला. ही ऊ रक्त शोषते आणि तिने केलेल्या जखमांतून इतर रोगजंतू शिरतात.

नॉर्वेचा अनुभव :
समुद्री ऊ ही अर्ग्युलसहून वेगळ्या गटातील असली तरी तिचा इतिहास बोधप्रद आहे. नॉर्वेत सॅमन माशांच्या पिंजऱ्यांत एकाच प्रकारची औषधे वारंवार वापरल्याने उवांत प्रतिकारक्षमता निर्माण झाली. पिंजऱ्यांतील उवांचा उपद्रव रानटी सॅमनलाही पोहोचला. अखेर २०१७ पासून तेथे उत्पादनवाढीची परवानगी रानटी माशांवरील परिणामांशी जोडण्यात आली.

समारोप :
होटगीसारख्या उघड्या तलावात औषध टाकणे म्हणजे गुरे, पक्षी व मासे यांच्या सामायिक पाण्यात विष मिसळणे होय. याउलट अर्ग्युलसची मादी माशाला सोडून कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. म्हणून पाण्यात बांबू वा फळ्या ठेवून त्या ठरावीक दिवसांनी बाहेर काढून वाळविणे, बीज तपासून सोडणे आणि पाणी आटण्यापूर्वी मासेमारी करणे, हे उपाय अधिक हितावह ठरतात. उवांचे नियंत्रण हा औषधाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, पाणी व माशांची संख्या यांच्या प्रमाणाचा प्रश्न आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.