पवनचक्की स्वतःच शिकते? समजून घ्या ‘अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोल’

सातारा जिल्ह्यातलं वनकुसवडे पठार पवनचक्क्यांसाठी ओळखलं जातं. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. समजा, तिथली एक पवनचक्की वसईजवळ राजोडीच्या किनाऱ्यावर आणून उभी केली आणि वारा त्याच वेगाने वाहतोय. वीज तेवढीच मिळेल का?

नाही. पठारावरची हवा विरळ असते. किनाऱ्याच्या तुलनेत तिची घनता साधारण दहा टक्क्यांनी कमी भरते. म्हणून यंत्राची सेटिंगही दोन्हीकडे वेगळी लागते.

सेटिंग कशाची?

वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच पाती घेऊ शकतात. ही ‘बेट्झ मर्यादा’. तिच्या जवळ जायचं, तर पात्यांची टोकं वाऱ्याच्या ठरावीक पट वेगाने फिरायला हवीत. तीन पात्यांच्या चक्कीत हे प्रमाण साधारण सात-आठ पट असतं. म्हणजे वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर टोकं ताशी २१० ते २४० किलोमीटर!

हा वेग जनरेटर सांभाळतो. तो पात्यांना किती अडवणार, हे एका आकड्यावर ठरतं. सायकलच्या गिअरसारखंच: फार जड झालं तर पाती मंदावतात, फार हलकं झालं तर नुसतीच भरभर फिरतात. दोन्हीत वीज कमी. किनाऱ्यासाठी ठरवलेला आकडा पठारावर जड पडतो. पात्यांवर मीठ, धूळ किंवा किडे चिकटले, की तो पुन्हा चुकतो.

मग उपाय काय?

अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलमध्ये संगणक हा आकडा किंचित बदलतो आणि वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी किती हिस्सा हाती आला, ते मोजतो. हिस्सा वाढला तर त्याच दिशेने पुढे, घटला तर मागे. वारा सतत बदलतो, म्हणून घाईने निष्कर्ष न काढता बराच वेळ सरासरी घ्यावी लागते. अमेरिकेत ६०० किलोवॉटच्या चाचणी-चक्कीवर ही पद्धत वापरून पाहिली गेली आहे.

मर्यादा

ही युक्ती मध्यम वाऱ्यातच उपयोगी. जोराच्या वाऱ्यात पाती वळवून जादा ऊर्जा सोडूनच द्यावी लागते. शिवाय एकाच वेगाने फिरणाऱ्या जुन्या चक्क्यांना ती लागू होत नाही. बाकी ठिकाणी मात्र नवं पातं न बसवता, केवळ सॉफ्टवेअर बदलून वीज वाढू शकते. फायदा थोडाच, पण यंत्र वीस वर्षं चालतं!